बिनतिरफळाचे बांगडे

बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे आमच्याकडच्या दाटसर तिखट कालवणात, डाव घालायचा नाही. मासा एकदा वाटणात पडला की पातेलं दोन्ही कडांना फडक्याने धरायचं आणि हलक्या हाताने गोल फिरवायचं, म्हणजे रस सगळीकडे पोचतो आणि तुकडा मोडत नाही. हे मला आईने शिकवलेलं नाही, मी तिच्या पाठीमागे उभा राहून पाहिलेलं आहे, तेही नाक मुरडत. आज साठी उलटल्यावर एक रविवार सोडून एक मी हेच करतो. घर तेच, कोथरूडचंच, फक्त ओटा नवा आणि खिडक्या मोठ्या. मासे फोनवर मागवले की साफ करून, बर्फात घालून दारात येतात. त्यांना कोणी पाहिलं तर पाहो, अशी आता परिस्थिती आहे. बायकोला वासाचं काही वाटत नाही, चवीबद्दल ती मत देत नाही. समोरच्या लेलेकाकूंचा नातू मात्र सकाळीच फोनवर लिहून विचारतो, "काका, आज आहे का? डबा पाठवू?" डबा येतो, मी भरून देतो आणि रात्री त्याचं कौतुकाचं उत्तर येतं. असं कौतुक आलं की मी कानकोंडा होतो. बायकोला वाटतं हा विनय आहे. तसं काही नाही. ज्या पदार्थापायी मी दोन माणसांच्या तोंडचा घास काढला, त्याबद्दल शाबासकी घेताना मान वर होत नाही, एवढंच आहे. ते कसं झालं ते कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये कोकणातलं घर आमचं एकटंच होतं. बाबा सरकारी कचेरीत कारकून. ब्लॉक घेताना कोणी आम्हाला मासे करू नका असं सांगितलं नव्हतं. पुण्यात अशा गोष्टी सांगत नाहीत, तुम्हाला कळायला हव्यात अशी अपेक्षा असते. बाबांना त्या कळल्या होत्या. रविवारी सकाळी ते सायकल काढून गणेश पेठेच्या मासळी बाजारात जायचे, मासे डब्यात, डबा खाकी पिशवीत, आणि परत येताना वाटेत मेथीची एक जुडी घेऊन ती पिशवीच्या तोंडाशी अशी खोचायचे की जिन्यात भेटणाऱ्याला फक्त मेथी दिसावी. वर्षानुवर्षं दर रविवारी मेथी. लेलेकाकू एकदा जिन्यात आईला म्हणाल्या, "मेथी फारच आवडते हो तुमच्याकडे. आणि तुमच्या मेथीला वासही बराच असतो." आई हसली. बाबांना सांगितल्यावर तेही हसले, पण पुढच्या रविवारी मेथी होतीच. ती मेथी सोमवारी आम्ही मुकाट्याने खायचो.

रविवारी साडेनऊला आमच्याकडे पाटा वाजायला लागायचा. आईकडे मिक्सर आला होता, पण माशाचं वाटण पाट्यावरच. गरम पाण्यात भिजवलेल्या बेडगी मिरच्या, धणे, हळद, ओलं खोबरं, आणि वरवंटा. आधी मिरच्या चिरडताना खरखर यायची, मग खोबरं पडलं की आवाज मऊ व्हायचा, आणि शेवटी वाटण लोण्यासारखं झालं की नुसता दगडावर दगड सरकल्याचा. आवाजावरून मला वाटण कुठवर आलंय ते कळायचं, आणि माझी खात्री होती की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळत असणार. वाटण पातेल्यात जायचं, आमसुलं पडायची, आणि मग तिरफळं. तिरफळ म्हणजे मिरीपेक्षा थोडं मोठं, उघड्या तोंडाचं, वाळकं फळ. आमच्या गावाकडे त्याची झाडं आहेत, अंगभर काटे असलेली. आतली काळी बी काढून टाकायची, साल वरवंट्याने नुसती ठेचायची आणि अख्खीच कालवणात सोडायची. चुकून दाताखाली आली तर जिभेला मुंग्या येतात. प्रत्येक माशाला ती चालत नाहीत, पण बांगड्याला हवीतच. आई म्हणायची, "बिनतिरफळाचा बांगडा म्हणजे पोट भरतं, जेवण होत नाही." शेवटी गॅस बंद करून वरून कच्चं खोबरेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. ते झाकण काढल्यावर जो वास यायचा त्याने बाबा वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे. मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो.

मला त्या वासाची लाज वाटायची. आवडायचा, आणि लाज वाटायची. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर भांडलो असतो. आई जिन्याकडची खिडकी लावायची, दाराखाली ओलं पोतेरं सारायची, देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावायची. हा सगळा सरंजाम बघून मला वाटायचं की एवढं लपवायचं तर करायचंच कशाला. काट्या-डोक्यांचा पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकणं हे माझं काम होतं. बिल्डिंगच्या कुंडीत टाकायचा नाही, हा नियम बाबांचा नव्हे, माझा. कॉलेजात गेल्यावर तर मी एक पायरी खाली उतरलो. वर्गात कोणीतरी विचारलं, तुम्ही कोकणातले, मग रोज मासे का? मी म्हणालो, "नाही रे, आमच्याकडे घरात करत नाहीत." विचारणाऱ्याला त्याचं काहीच नव्हतं. उलट तो हिरमुसला. पण मी मात्र तेव्हापासून घरात मासे न करणाऱ्या घरातला मुलगा झालो आणि ते सांभाळत बसलो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले. कचेरीतून चालत बसस्टॉपपर्यंत आले आणि तिथे बसले, ते उठले नाहीत. त्या दिवसांबद्दल लिहिण्याचा माझा हा हेतू नाही. एकच गोष्ट लिहायला हवी. सुतकाच्या त्या तेरा दिवसांत अख्खी बिल्डिंग आमच्याकडे आली. लेलेकाकूंकडून सकाळ-संध्याकाळ डबा यायचा, पिठलं, भात, ताकाची कढी. खालचे जोशी स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले. ज्यांच्याशी जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती ते तास तास बसले. आमच्या घरात कुठलाच वास नव्हता. दार सताड उघडं होतं, पोतेरं मोरीत होतं. आणि मला, बाप गेलेला असताना, कुठेतरी आत बरं वाटत होतं. आम्ही सगळ्यांसारखे झालो आहोत, असं. तेव्हा मला तसं वाटत होतं यात शंका नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या गावाकडे तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि सुतक फिटतं. पण ज्या बाईचा नवरा गेला, तिची चूल त्याने उघडत नाही. चौदाव्या दिवशी तिच्या माहेरचा माणूस मासे घेऊन येतो, स्वतः रांधतो आणि पहिला घास तिच्या तोंडात घालतो. म्हणजे माहेराने तिला सांगितलं की तू अजून आमची आहेस, जेव, जग. त्यानंतर त्या घरात पुन्हा मासे होतात. हे तिने मागायचं नसतं. माहेराने आणलं तर आणलं. न आणलं तर त्यातूनही तिला काय ते कळावं, अशी समजूत. आणि ती कधी विचारत नाही, कारण विचारून मिळालेल्या घासाला किंमत नाही.

आईचा भाऊ एकच, आम्ही त्याला नुसतं मामा म्हणायचो. मालवणजवळ समुद्राला लागून घर, होडीत हिस्सा, आणि बहिणीवर जीव. लहानपणी त्यांची आई गेल्यावर तो आणि माझी आई एकमेकांना धरून वाढले होते. बाबांच्या वेळी त्याची बायको बाळंत होती, म्हणून तो दहनाला पोचला नाही. पत्र आलं, चौदाव्याला सकाळच्या गाडीने स्वारगेटला उतरतो. पत्रात माशांबद्दल एक अक्षर नव्हतं, तसं लिहीतही नाहीत. पण आईने ते दोनदा वाचलं आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिने मला काम सांगितलं, "बाबल्या, पाटा जरा बाहेर काढून दे. धुऊन ठेवते." आणि त्याच संध्याकाळी माझ्या वर्गातला एकजण निरोप घेऊन आला की उद्या बारा वाजता आम्ही पाचजण तुला भेटायला येतोय.

बारा वाजता म्हणजे बरोबर झाकण काढायची वेळ. पाचजण मासे न करणाऱ्यांच्या घरात येऊन बसणार, आणि स्वयंपाकघरात मामा तिखलं करणार. मी रात्रभर तळमळलो वगैरे नाही. मला चांगली झोप लागली. सकाळी स्वारगेटच्या बसमध्ये मी शांतपणे एक वाक्य जुळवलं, मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि उतरलो. कोणाच्या तोंडून अचानक काहीतरी निघून जातं, तसं माझं झालेलं नाही. एवढी सवलत मला घेता येत नाही.

गाडी आली. मामा उतरला तो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा छातीशी धरून. वरून गोणपाट शिवलेलं, खालून पाण्याची धार. कंडक्टर मागून म्हणत होता, "न्या हो पाहुणे लवकर, गाडी धुवायला लागणार आता." दोन बायका पदर नाकाला लावून बाजूला झाल्या. मामाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. "इलंस रे झिला?" म्हणून त्याने ओल्याच हाताने माझा गाल धरला. "बाय कशी आसा? जेवता मा?" आईला तो बाय म्हणायचा. मग डब्यावर थाप मारून म्हणाला, "बांगडे आसत. काल सांजेक होडयेत हुते. बर्फ कमी पडलो, पण काय होवचा नाय."

मी म्हणालो, "मामा, आईने मासे सोडले."

"सोडल्यान?"

"दहाव्याला. बाबांना आवडायचे ना, म्हणून. आता कायमचे." खोटं एकदा सुटलं की त्याला कपडे घालावे लागतात. मी घातले. "आणि तिच्यापुढे विषयसुद्धा काढू नकोस. नुसतं नाव निघालं तरी रडते."

मामा तिथेच, त्या डब्यावर बसला. मोठा गडी, दर्यावर वाढलेला, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ओल्या हातांनी तोंड झाकून रडला. मला वाटत होतं लोक बघतायत. मग उठला आणि म्हणाला, "मगे ह्ये घराकडे कशाक न्हेवचे? तेका वास सुदीक नको." स्टँडच्या भिंतीशी तीन-चार बायका शेंगांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. त्याने गोणपाट दातांनी उसवलं आणि त्यांच्यापुढे डबा ठेवला. एकीला विश्वासच बसेना. "फुकट हाय का ओ?" तिने विचारलं. "देवाचे समज," मामा म्हणाला आणि दोन्ही हातांनी बांगडे काढून त्यांच्या पदरात घालत राहिला. निळसर, ताठ, डोळे लख्ख असलेले बांगडे होते. डबा त्यांनाच देऊन टाकला. मग नळावर जाऊन त्याने माती लावून हात धुतले, पुन्हा धुतले, बाह्या धुतल्या, माझ्यासमोर हात धरून म्हणाला, "बघ रे, वास येता?" मी वास घेतला आणि नाही म्हणालो.

घरी आई दारात उभी होती. न्हालेली, केस ओले. तिने आधी मामाच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, मग माझ्या हातांकडे. माझ्या हातात मामाची पिशवी होती. ती तिने घेतली आणि बहीण-भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. पिशवीतून चार नारळ निघाले, आमसुलं निघाली, आणि फडक्याच्या पुरचुंडीत तिरफळं. डब्याबरोबर ती द्यायची मामाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आईने पुरचुंडी उघडून पाहिली. "तिरफळां?" तिने हळूच विचारलं. मामाने खाली बघत उत्तर दिलं, "असांदेत. घरात असलेली बरी." आई थांबली. तो आणखी काहीतरी सांगेल म्हणून ती थांबली होती, हे मला कळत होतं. त्या खोलीत सगळं ठाऊक असलेला मी एकटाच होतो. मी पंखा लावला.

स्वयंपाकघरात पाटा धुऊन मांडलेला होता. वाटीत बेडगी मिरच्या भिजत होत्या, पाणी लाल झालं होतं. आईने त्या फेकल्या नाहीत. ती पाट्याशी बसली आणि नेहमीसारखं वाटण वाटलं, मिरच्यांची खरखर, मग खोबरं, मग नुसता दगड. त्यात तिने बटाटे सोडले. तिरफळं नाहीत. मामा जेवायला बसल्यावर पहिला घास हातात घेऊन क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तो खाली ठेवून त्याने आपला डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या मनात, केवढं व्रत घेतलंय पोरीने. तिच्या मनात काय होतं ते मला पुढे कळलं. बारा वाजता माझे मित्र आले, दहा मिनिटं छताकडे बघत बसले, एकाने पाणी मागितलं, आणि गेले. त्या पाचांतल्या दोघांची नावंही आज मला आठवत नाहीत.

दुपारी चारला लेलेकाकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय रे, सकाळपासून आम्ही खिडक्या लावून बसलोय. तुझी आई काल सांगून गेली होती, भाऊ येणार, मासे होणार, तुमच्यात करतातच म्हणे. म्हटलं करा हो, एक दिवस आम्ही गुदमरू. काहीच कसं नाही?"

"बेत बदलला," मी म्हणालो.

"मग सांगायची पद्धत आहे की नाही? उकडून मेलो आम्ही इकडे." एवढं बोलून त्यांनी दार लावलं, आणि एकेक खिडकी उघडल्याचा आवाज मी जिन्यात उभा राहून ऐकला. माझ्या आईने आयुष्यात कधी नव्हे ते लाज बाजूला ठेवून शेजारणीला सांगितलं होतं. शेजारीण हो म्हणाली होती. ज्यांना घाबरून मी हे केलं, त्यांनी माझ्या आधीच खिडक्या लावून घेतल्या होत्या.

तेव्हा सांगता आलं असतं. मामा अजून घरात होता, दोन दिवस राहिला. मी नाही सांगितलं. आधी वाटलं, आज नको. मग तो गेला. मग वाटलं, पत्रात कसं लिहायचं. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते घरातल्या सामानासारखं होतं, त्याच्या बाजूने वावरायची सवय लागते. आईने तिरफळं बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवली. घरात पुढे कित्येक वर्षं मासे झाले नाहीत. मेथीही येईनाशी झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मेथी सोडलीत वाटतं," आणि या खेपेला त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

पुढच्या मे महिन्यात आई माहेरी जाऊन आली. मी सायकल पुसत होतो, ती बाजूला उभी राहून सांगत होती. "माझं पातेलं वेगळं ठेवलं होतं वहिनीने. माझ्यासमोर कोणी मासे खाल्ले नाहीत. दादा पण नाही. चांगलं वागवतात रे." थोडं थांबून म्हणाली, "दादाला वाटलं असेल, बाईमाणूस, नवरा गेल्यावर बरं दिसत नाही. पूर्वी असा नव्हता तो." तिच्या मनात काय होतं ते हे. भावाने आणलं नाही, म्हणजे भावाला नको आहे. आणि भाऊ तिकडे अभिमानाने तिचं व्रत सांभाळत होता. दोघं एकमेकांचा मान राखत होती, आणि मधे मी सायकलची चेन पुसत होतो.

नोकरी लागल्यावर मी बाहेर मासे खायला लागलो. हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. खानावळीत, मित्रांबरोबर, बोटं चाटून. घरी येताना लिंबाने हात धुवायचो. आईला तरी वास यायचाच. ती रागावायची नाही, उलट जवळ येऊन बसायची आणि विचारायची, "कोणता होता?" मी सांगायचो. "आंबटाला काय घालतात? आमसूल का चिंच?" मी म्हणायचो चिंच. ती तोंड वाकडं करायची आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहायची.

वीसेक वर्षं अशी गेली. मग मामा गेला. मी आईला घेऊन गावी गेलो. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मामीचा भाऊ मासे घेऊन आला. अंगणात चूल मांडून त्याने बांगड्याचं तिखलं केलं, पातेलं फडक्याने धरून गोल फिरवलं, आणि पहिला घास मामीच्या तोंडात घातला. मामी रडली, पण जेवली. मग पंगत बसली. आई बायकांच्या ओळीत, मी तिच्यासमोर. मामीचा भाऊ वाढत वाढत आईच्या ताटाशी आला आणि त्याने डाव पुढे केला.

"थांब," मामी म्हणाली. "ताई खाय नाय. घोव गेल्यार सोडल्यान. आणि तेणी सोडल्यान म्हणान ह्येंनीव सोडल्यानी. वीस वर्सां झाली, बांगडो तोंडाक लावल्यानी नाय. होडयेत हाताळीत, इकीत, पण खायत नाय. म्हणत, माजा बाय थंय खाय नाय, तर मी हय कसो खाव?"

वाढणाऱ्याचा हात तसाच राहिला. मामानेही सोडले होते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की माझ्या खोट्याने एकाच माणसाचं ताट रिकामं केलंय. आईने वर पाहिलं. मामीकडे नाही, माझ्याकडे. तिला सगळं समजायला किती वेळ लागला असेल? डोळ्याची दोन-तीन उघडझाप. स्वारगेट, पिशवी, तिरफळं, भावाचा डोक्यावरचा हात. मी मान खाली घातली. माझ्या ताटात दोन बांगडे होते. आता ती बोलेल, असं मला वाटलं. एक शब्द पुरला असता. "मी कुठे सोडले?" एवढंच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

"होय गो," आई म्हणाली. "सोडलंय मिया." आणि तिने ताटावर आडवा हात धरला.

मी नंतर पुष्कळदा विचार केला की ते तिने कोणासाठी केलं. मला वाचवायला, असं मला बरेच दिवस वाटत होतं, कारण तसं वाटणं सोयीचं होतं. पण ते मामासाठी होतं. तो वीस वर्षं ज्या व्रतासाठी उपाशी राहिला ते व्रतच नव्हतं, हे त्याच्या बायकोला त्याच्या चौदाव्याला कसं सांगायचं? म्हणून तिने माझं खोटं उचललं आणि आपलं केलं. त्या दिवसापासून ते खरं झालं. तोवर ती वाट पाहत होती, कधी ना कधी दादा घास देईल म्हणून. त्यानंतर तिने वाट पाहणं सोडलं. पुढे नऊ वर्षं ती होती. शेवटी शेवटी मी स्वतः करायला शिकलो आणि एकदा ताट तिच्यापुढे नेलं. तिने वास घेतला, मीठ बरोबर आहे म्हणाली आणि ताट परत दिलं.

मामाचं चौदावं करून परत येताना गाडी घाटाला लागली. आईने पिशवीतून आवळासुपारी काढून मला दिली. सकाळी स्वारगेटला उतरलो. मी रिक्षा बघायला निघालो तर ती जागची हलली नाही. "दादा कुठे उभा होता?" तिने विचारलं. मी जागा दाखवली. भिंत आता तशी राहिली नव्हती, नळही नव्हता, पण जागा ती होती. ती तिकडे बघत राहिली. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"मासे काय केलेस?"

"मामानेच वाटले. इथे शेंगावाल्या बायका बसायच्या, त्यांना."

"ताजे होते?"

"हो. खूप."

"आणि तिरफळं घरी आली."

"हो."

तिने पदर सारखा केला. माझ्यावर ती ओरडली असती तर मी आजवर केव्हाच हलका झालो असतो.

"म्हणजे बिनतिरफळाचे खाल्ले बिचाऱ्यांनी," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत रिक्षाच्या दिशेने चालू लागली. मी तिची पिशवी उचलली आणि मागोमाग गेलो.